ऑपरेशनआधी स्वतःचं रक्त साठवताना आधी कॅलेंडर बघा

खुबा किंवा गुडघा बदलायची तारीख ठरली की एक प्रश्न हमखास येतो. "दुसऱ्याचं रक्त नको. माझंच आधी काढून ठेवलं तर?" ठेवता येतं. रक्तपेढीत नेहमीच्याच पिशवीत काढतात, तुमच्या नावाने फ्रिजमध्ये ठेवतात आणि गरज पडली तर ऑपरेशनच्या वेळी परत चढवतात. पण "आपलंच आहे, मग काय धोका?" हे गृहीतक तेवढं बरोबर नाही. सगळा हिशेब वेळेवर बसलेला आहे.

आकडे घालून पाहू. ६५ किलोची एक बाई आहे, हिमोग्लोबिन १३. किलोला साधारण ६५ मिली धरलं तर अंगात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त, आणि त्यात जवळपास ५५० ग्रॅम हिमोग्लोबिन. ४५० मिलीची एक पिशवी काढली की ५८ ग्रॅम हिमोग्लोबिन गेलं. पाणी दोन-तीन दिवसांत भरून येतं, पेशी येत नाहीत, त्यामुळे हिमोग्लोबिन साडेअकराच्या आसपास उतरतं. दुसरी पिशवी काढली आणि मध्ये शरीराने काहीच भरून काढलं नाही असं धरलं, तर साडेदहाच्याही खाली.

आता ऑपरेशनमध्ये एक लिटर रक्त गेलं असं समजा. काहीच साठवलं नसतं तर ही बाई १३ वरून सव्वादहाच्या आसपास आली असती, आणि तेवढ्यावर बहुतेकांना रक्त चढवावंच लागत नाही. साठवल्यामुळे ती साडेदहाच्या खालून सुरुवात करते आणि आठच्या जरा वर येऊन थांबते. आता रक्त लागणार असं वाटू लागतं. दोन्ही पिशव्या चढवल्या, साठवणीत मेलेल्या पेशी वजा केल्या, की ती पुन्हा साडेदहाच्या आसपास. म्हणजे आपल्याच खिशातून काढून आपल्याच खिशात टाकलं, वर दोन वेळा सुई, दोन पिशव्या चढवण्याचा धोका आणि फ्रिजचं भाडं. हाती लागलं पाव ग्रॅम.

फायदा फक्त एका गोष्टीत आहे: पिशवी काढल्यापासून ऑपरेशनपर्यंत हाडांच्या मगजाने ज्या नव्या तांबड्या पेशी बनवल्या, तेवढ्याच खऱ्या कमाईच्या. बाकी सगळी उसनवारी. म्हणून पिशवी किती लवकर काढली आणि शरीरात लोह किती होतं, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

यात एक अडचण अशी की हिमोग्लोबिन साडेअकरा-बारापर्यंत उतरलं म्हणून मगज काही धावपळ सुरू करत नाही. मगजाला तांबड्या पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंड सोडतं खरं, पण सौम्य अशक्तपणात ते फारसं वाढत नाही. एक पिशवी पूर्ण भरून निघायला साधारण महिना ते दोन महिने लागतात, तेही लोह पुरेसं असेल तर. आठवड्याला एक पिशवी हे वेळापत्रक कागदावर छान दिसतं. शरीर त्या गतीने पेशी बनवत नाही.

मग लवकर म्हणजे किती लवकर? ते पिशवीतलं द्रावण ठरवतं. सीपीडीए-१ असेल तर पूर्ण रक्त ३५ दिवस टिकतं. प्लाझ्मा वेगळा करून तांबड्या पेशींत सॅगएम किंवा तसंच पूरक द्रावण घातलं तर ४२ दिवस. तापमान २ ते ६ अंश. रक्तपेढीत पहिला प्रश्न हाच विचारायचा: पिशवी कोणती आणि तिची मुदत कधी संपते. उत्तरात दिवसांची संख्या नको, तारीख घ्या आणि लिहून ठेवा.

आम्हाला पटणारं वेळापत्रक असं: पहिली पिशवी ऑपरेशनच्या चार ते पाच आठवडे आधी, दुसरी लागलीच तर तीन आठवडे आधी, आणि शेवटचे दोन आठवडे पूर्ण मोकळे. नियमात लिहिलेलं असतं की शेवटची पिशवी ऑपरेशनच्या किमान ७२ तास आधी काढलेली असावी. बरेच जण हे वाचून सोमवारच्या ऑपरेशनसाठी आधीच्या गुरुवारी रक्त द्यायला येतात. ७२ तास ही रक्तातलं पाणी भरून येण्याची मर्यादा आहे, पेशी भरून येण्याची नव्हे. तीन-चार दिवस आधी काढलेली पिशवी म्हणजे वर मांडलेला तोट्याचा हिशेब, शब्दशः.

आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे ऑपरेशन पुढे जाणं. सर्दी-खोकला झाला, लघवीत जंतू निघाले, दाढ ठणकायला लागली, साखर चढली, इम्प्लांटचा हवा तो साइझ आला नाही, की तारीख दोन-तीन आठवडे सरकते आणि फ्रिजमधली पिशवी मुदत संपून फेकली जाते. पेशंटच्या अंगात मात्र हिमोग्लोबिन कमीच राहिलेलं असतं. म्हणून क्रम उलटा लावावा. आधी भूलतज्ज्ञांची तपासणी, ईसीजी, साखरेचं तीन महिन्यांचं चित्र दाखवणारी एचबीए१सी, लघवी, दात, त्वचेवरच्या जखमा, हे सगळं उरकून फिटनेस हातात आला, तारीख पक्की झाली, इम्प्लांट आलं. त्यानंतरच पहिली पिशवी. हा क्रम साधा आहे आणि सगळ्यात जास्त चुकतो तोही हाच.

लोहाचं गणित याहून कडक आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. ५८ ग्रॅम गेले म्हणजे जवळपास २०० मिलिग्रॅम लोह पिशवीबरोबर बाहेर पडलं. जेवणातून शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच उचलतं, म्हणजे नुसत्या आहारावर ही तूट भरायला महिने लागतील. लोहाची गोळी पहिल्या पिशवीनंतर नव्हे, आधी सुरू व्हायला हवी. गोळीवरचा आकडा नीट वाचा, कारण तो क्षाराचा असतो, लोहाचा नव्हे. कोरड्या फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅम असतं आणि त्यातलंही थोडंच आत शिरतं. दिवसाला दोन-तीन गोळ्या ढकलून उपयोग नाही: एक डोस घेतला की यकृतातून हेप्सिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक वाढतं आणि पुढचे तास आतड्याचं दार अर्धवट बंद राहतं. दिवसाआड किंवा दिवसातून एकदा, रिकाम्या पोटी, चहा-कॉफी आणि कॅल्शियमच्या गोळीपासून लांब, हे जास्त लागू पडतं. सांधेदुखीचे पेशंट कॅल्शियम घेत असतातच आणि दोन्ही गोळ्या एकाच वेळी तोंडात टाकतात. शौच काळी होते, बद्धकोष्ठ होतो. तेवढ्यावरून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारून बदला.

फेरिटिन एकदा तपासून घ्यावं. ३० च्या खाली असेल तर लोहाचा साठा रिकामा आहे आणि अशा माणसाने रक्त साठवायला देणं म्हणजे कोरड्या विहिरीतून पाणी उपसणं. संधिवातासारखी सूज असलेल्या पेशंटमध्ये फेरिटिन खोटं चढलेलं दिसतं. तिथे १०० च्या खालचा आकडाही संशयाने बघतात आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातलं लोहवाहक प्रथिन लोहाने किती भरलंय ते) सोबत पाहतात. वेळ कमी असेल किंवा गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. काही ठिकाणी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनंही देतात. त्यांनी पेशी वाढतात, पण रक्ताच्या गाठी होण्याचा धोकाही वाढतो, आणि खुबा-गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये तो आधीच असतो. त्यामुळे तो निर्णय घरच्या घरी इंटरनेट वाचून घ्यायचा नाही.

रक्त कोणाला देता येतं याचे निकष नेहमीच्या रक्तदात्यापेक्षा सैल आहेत. वयाची कडक मर्यादा नाही. हिमोग्लोबिन किमान ११ चालतं. वजन ५० किलोपेक्षा कमी असलं तरी चालतं, फक्त पिशवी त्या प्रमाणात भरावी लागते. हे शेवटचं जरा जवळून पाहण्यासारखं आहे. ४५० मिलीच्या पिशवीत ६३ मिली गोठणरोधक द्रावण असतं, १०० मिली रक्ताला १४ मिली या हिशेबाने. पेशंट ४२ किलोचा असेल तर ४५० च्या ४२/५० पट, म्हणजे ३७८ मिली काढायचं. त्याला द्रावण लागतं ५३ मिली. उरलेलं १० मिली रक्त काढण्याआधीच जोडपिशवीत ढकलून नळी बंद करावी लागते, नाहीतर द्रावणातल्या सायट्रेटचं, म्हणजे गोठणरोधकाचं, रक्ताशी प्रमाण बिघडतं. ३५० मिलीची पिशवी हाताशी असेल तर ही कसरत करायची गरज नाही, तीच वापरावी.

काही जणांना मात्र ठाम नाही म्हणावं लागतं. अंगात कुठेही चालू जंतुसंसर्ग असेल तर नाही. नियम कागदी वाटतो, पण कारण साधं आहे: रक्तात फिरणारे थोडेसे जंतू अंगात असताना शरीर निस्तरतं, फ्रिजमधल्या पिशवीत त्यांना कोणी अडवत नाही. यर्सिनिया एन्टेरोकोलिटिका नावाचा जंतू तर थंडीतही वाढतो. त्यामुळे गेल्या काही आठवड्यांत जुलाब, पोटदुखी, ताप झाला होता का, हा प्रश्न वरवरचा नाही. लपवू नका. जंतू बसलेला जुना कृत्रिम सांधा बदलायचा आहे, पायाला भरत नसलेली जखम आहे, लघवीची नळी घातलेली आहे, त्यांनी हा विषय सोडावा. दाढ काढली असेल तर काही दिवस थांबावं. हृदयाची महाधमनीची झडप आकुंचलेली असेल, छातीत दुखणं अस्थिर असेल, गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, तर रक्त काढताना दाब घसरणंच घातक ठरू शकतं. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, चालू असतील तर तसं सांगा. रक्त गेल्यावर नाडी वाढायला हवी ती या गोळीमुळे वाढत नाही, आणि बाहेरून सगळं ठीक दिसत असताना माणूस एकदम गळतो.

रक्त काढणं तसं नेहमीसारखंच. भरपूर पाणी पिऊन, खाऊन जायचं; उपाशीपोटी नाही. कोपराच्या घडीतली कातडी नीट पुसून कोरडी होऊ देतात. ओल्या कातडीत सुई घुसवणारा कर्मचारी दिसला तर थांबवायला लाजू नका. सुरुवातीचं थोडं रक्त वेगळ्या छोट्या पाऊचमध्ये घेतात, कारण सुईबरोबर कापला गेलेला कातडीचा कण आणि त्यावरचे जंतू त्या पहिल्या थेंबांत येतात. पिशवी भरायला पाच ते दहा मिनिटं. पंधरा मिनिटांवर गेली तर प्रवाह मंद आहे आणि आत बारीक गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. नंतर पंधरा मिनिटं आडवं राहायचं. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस आधीच काठीवर चालतो. त्याला चक्कर येऊन खुब्यावर पडणं परवडत नाही, म्हणून सोबत कोणीतरी न्यावंच आणि त्या दिवशी गाडी चालवू नये.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: नावाची चिठ्ठी. स्वतःचं रक्त साठवण्यामागचा विचार असा की रक्तगट जुळणं, कावीळ, एचआयव्ही यांची चिंता मिटली. पण भलतीच पिशवी चढली तर यातलं काहीच मिटत नाही. तुमची पिशवी फ्रिजमध्ये आणि शेजारच्या पेशंटची तुमच्या शिरेत, अशी चूक माणसंच करतात, आणि रक्ताचा धनी कोण याने ती टळत नाही. पिशवीवर पूर्ण नाव, जन्मतारीख, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक, रक्त काढल्याची तारीख, मुदतीची तारीख, ऑपरेशनची तारीख आणि "फक्त स्वतःसाठी" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. चिठ्ठीवर पेशंटची स्वतःची सही घेतात. ती रक्त काढायच्या आधी करायची आणि समोरच पिशवीला बांधली की नाही ते बघायचं. सहीतलं नाव, ओळखपत्रावरचं नाव आणि हॉस्पिटलच्या फाइलमधलं नाव एकसारखं हवं. एकीकडे वडिलांचं नाव, दुसरीकडे नवऱ्याचं, तिसरीकडे नुसतं आद्याक्षर, असा घोळ झाला की ऑपरेशन थिएटरमध्ये कोणी पिशवी लावत नाही. आणि ते बरोबरच करतात.

चाचण्याही होतात. रक्तगट आणि संसर्गाच्या चाचण्या तुमच्याच रक्ताच्याही कराव्या लागतात, कारण चुकून ती पिशवी दुसऱ्याला गेली तर काय, याचा विचार करावा लागतो. चाचणीत काही निघालं तर पिशवीवर वेगळी धोक्याची खूण लावतात किंवा काही रक्तपेढ्या अशी पिशवी ठेवतच नाहीत. हे आधी विचारून ठेवलेलं बरं.

ऑपरेशनच्या दिवशी दोन चुका वारंवार होतात. एक, पेशंटने स्वतःचं रक्त ठेवलंय हे थिएटरमधल्या कोणाला माहीतच नसतं आणि दुसऱ्याची पिशवी आधी लागते. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी स्वतः सांगा, फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. स्वतःच्या पिशव्या आधी, त्यातही जुनी आधी. दुसरी चूक नेमकी उलटी: "त्याचंच आहे, फुकट कशाला घालवायचं" म्हणून गरज नसताना चढवणं. स्वतःच्या पिशवीलाही तोच निकष हवा जो परक्या पिशवीला. स्थिर पेशंटमध्ये हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या खाली गेलं, किंवा धाप, छातीत दुखणं, दाब टिकत नाही अशी लक्षणं दिसली तर. आधी रक्त साठवणाऱ्यांना परकं रक्त कमी लागतं हे खरं, पण एकूण रक्त चढवलं जाण्याचं प्रमाण त्यांच्यातच वाढतं. त्यातल्या त्यात वयस्कर, हृदय कमजोर असलेल्या पेशंटला घाईने दोन पिशव्या दिल्या की फुफ्फुसात पाणी साचतं. रक्त कोणाचं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पिशवी फ्रिजमधून निघाली की चार तासांत संपवायची, जाळीच्या फिल्टरच्या सेटमधूनच. न लागलेली पिशवी सहसा दुसऱ्या पेशंटला देत नाहीत, कारण तुम्ही नेहमीच्या रक्तदात्याच्या निकषांत बसून रक्त दिलेलं नसतं. ती नष्ट होते. साठवलेल्या पिशव्यांपैकी खूप मोठा वाटा असाच जातो.

मग हे करायचं कोणी? ही पद्धत १९८० च्या दशकात जोरात आली, कारण १९८१ मध्ये एड्सचे पहिले पेशंट नोंदले गेले आणि रक्तासाठी चाचणी आली १९८५ मध्ये. तेव्हाची भीती खरी होती. आज रक्ताची तपासणी कितीतरी पुढे गेली आहे आणि ऑपरेशनमध्ये रक्त जाणंही घटलं आहे. त्यातला मोठा वाटा ट्रॅनेक्सामिक ॲसिडचा. जपानमध्ये १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे साधं औषध, चीर देण्याआधी साधारण एक ग्रॅम शिरेतून दिलं की गुठळी लवकर विरघळत नाही आणि रक्त झिरपणं कमी होतं. रक्ताच्या गाठींचा इतिहास असेल किंवा फिट्स येत असतील तर डॉक्टर आधी विचार करतात, एवढंच. एका गुडघ्याच्या पहिल्या सांधेरोपणासाठी, हिमोग्लोबिन १३ च्या वर असताना, रक्त साठवून ठेवणं आमच्या मते व्यर्थ आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी तर प्रश्नच येत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्त काढण्याऐवजी तोच महिना लोह देऊन ते वाढवण्यात घालवावा. ऑपरेशन थिएटरमध्ये सांडलेलं रक्त गोळा करून, धुऊन, गाळून लगेच परत देणारं सेल सेव्हर यंत्र असेल तर त्याचीही चौकशी करा. त्याला ना मुदत संपते ना पेशंट आधीच फिका पडतो. मात्र जखमेत जंतू किंवा कर्करोगाची गाठ असेल तिथे ते जपून वापरतात.

तरी काही जणांसाठी ही पद्धत अजून सोन्याच्या मोलाची आहे. ज्यांच्या रक्तात आधी चढवलेल्या रक्तामुळे किंवा गरोदरपणामुळे अनेक प्रतिपिंडं तयार झाली आहेत आणि जुळणारी पिशवी सापडतच नाही. बॉम्बे रक्तगटाची माणसं: १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. मो. भेंडे यांनी वर्णन केलेला हा गट. नेहमीच्या तपासणीत 'ओ' दिसतो, पण ओ गटाचं रक्तही यांना चालत नाही. यांना बॉम्बेच लागतं. आयजीए हे रक्तातलं संरक्षक प्रथिन नसलेले आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं असलेले पेशंट. पाठीचा कणा वाकलेली किशोरवयीन मुलं, ज्यांच्या मोठ्या ऑपरेशनला रक्त लागणारच असतं आणि ज्यांचा मगज तरुण असतो; त्यांच्याकडून किलोला साधारण १० मिलीपर्यंत काढतात. एकदा बदललेला खुबा पुन्हा बदलायचा असतो ते. अतिदुर्मिळ गटाचं रक्त ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांखाली गोठवून १० वर्षांपर्यंतही ठेवता येतं, म्हणजे तिथे कॅलेंडरचा जाच नाही. पण ती सोय मोजक्या ठिकाणी असते आणि पिशवी वितळवून, धुऊन तयार करायला वेळ लागतो, शिवाय धुतल्यावर ती थोड्याच वेळात वापरावी लागते. तेव्हा ऑपरेशनच्या किती तास आधी फोन करायचा, ते रक्तपेढीकडून आधीच विचारून घ्या.